काय वाचायचं आणि काय सोडायचं : लॉ प्रवेशपरीक्षेची विषयनिवड



मंडळाच्या बैठकीत सरांनी विचारलं, "या अंकात अभ्यासलेख कोण देणार?" तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी माझं नाव पुढे केलं. मी लॉच्या प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसतेय हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा आपटलेल्या माणसाने दुसऱ्याला शिकवावं का, हा प्रश्न मलाही पडला. मग वाटलं, पहिल्या वेळी काय चुकलं ते माझ्याइतकं नेमकं दुसरं कोण सांगणार? म्हणून लिहितेय. पहिला नंबर काढायची युक्ती यात नाही. कोणते टॉपिक घ्यायचे, कोणते सोडायचे आणि ते कशावरून ठरवायचं, एवढंच आहे.

आधी थोडं घरचं सांगते. खानापूर तालुक्यात आजीच्या नावावर थोडी शेतजमीन आहे आणि तिच्या हद्दीचा वाद बरीच वर्षं कोर्टात आहे. कागद कन्नडमध्ये, वकिलांचं बोलणं अर्धं कन्नड आणि अर्धं इंग्रजी. पप्पा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत. तारखेच्या दिवशी रजा टाकून जातात, मान हलवतात आणि घरी येतात. मम्मी विचारते, "काय म्हणाले?" पप्पा म्हणतात, "पुढची तारीख दिली." बी.ए. इंग्रजी झालेली मुलगी घरात असून त्या कागदांतलं मला काही कळत नव्हतं. लॉ करायचं हे तिथे ठरलं.

१. आधी परीक्षा ठरवा, मग पुस्तक

पहिली चूक मी इथेच केली. 'लॉ एंट्रन्स' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक सेकंडहँड घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचत सुटले. पण 'लॉ एंट्रन्स' नावाची एकच परीक्षा नसते. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा.

बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स करायचा असेल तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट आहे. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. प्रश्न उताऱ्यांवर असतात, म्हणजे पाठांतरापेक्षा वाचनाला महत्त्व. दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र आयलेट ही स्वतःची वेगळी परीक्षा घेतं.

पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. करायचं असेल तर महाराष्ट्राची एमएच-सीईटी लॉ. पूर्वी हा पेपर १५० प्रश्नांचा होता, आता १२० प्रश्नांचा आणि दोन तासांचा आहे. इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी ३२, कायदेविषयक कल २४, तर्क २४. निगेटिव्ह मार्किंग नाही. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही असतात. पाच वर्षांच्या कोर्सची सीईटी वेगळी असते, तिच्यात थोडं गणितही येतं. हैदराबादच्या आपल्या वाचकांसाठी लॉसेट आहे. १२० प्रश्न पण वेळ फक्त ९० मिनिटं, आणि त्यातले ६० प्रश्न कायद्याच्या कलाचे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात तीन वर्षांच्या कोर्ससाठी एनएलसॅट आहे, तिच्यात लिहून द्यायची उत्तरंही असतात. साहित्याच्या मुलांनी तिचा विचार जरूर करावा.

आता बघा, एकच विषय पण किंमत किती बदलते. कायद्याचा भाग लॉसेटमध्ये निम्मा पेपर, सीईटीत पाचवा हिस्सा. मी सीईटी देत होते, आणि पुस्तक माझ्याकडून भलत्याच पेपरची तयारी करून घेत होतं.

बेळगावातल्या लॉ कॉलेजात तीन वर्षांच्या कोर्सला पदवीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. मग हा खटाटोप कशाला, असं माझी आत्या दर रविवारी विचारते. मला मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात किंवा पुण्याच्या आयएलएसमध्ये जायचंय, आणि तिथली वाट सीईटीतून जाते. घरी ठरलंय ते असं : यंदाचा प्रयत्न शेवटचा. नाही जमलं तर बेळगाव. सीमाभागातल्या मुलांनी अर्ज भरण्याआधी माहितीपुस्तिकेतला पात्रतेचा भाग आधी वाचावा. आपण कुठल्या गटात बसतो आणि कोणते दाखले लागतात, हे शेवटच्या दिवशी कळून उपयोग नाही.

२. माझा ताळेबंद

गेल्या वर्षी कोल्हापूरच्या केंद्रावर पेपर दिला. उत्तरतालिका आल्यावर वही घेऊन बसले आणि जमाखर्च मांडला. इंग्रजी ४० पैकी २७. कायदा २४ पैकी १५. सामान्य ज्ञान ३२ पैकी १३. तर्क २४ पैकी ९. एकूण ६४.

दोन दिवस काही सुचलं नाही. मग मम्मी म्हणाली, "किती गेले ते मोजलंस, कसे गेले ते मोज." ते मोजलं आणि डोळे उघडले.

गेलेल्या प्रत्येक गुणासमोर मी चारपैकी एक खूण केली : माहीत नव्हतं, माहीत होतं पण घोळ झाला, प्रश्न नीट वाचला नाही, आणि प्रश्नापर्यंत पोचलेच नाही. तर्काचे १५ गुण गेले होते. त्यांतले ११ प्रश्न मी उघडलेच नव्हते. म्हणजे तर्क मला येत नव्हता असं नाही, वेळ संपला होता. आणि निगेटिव्ह मार्किंग नसताना ते ११ कोरे ठेवले! डोळे मिटून चारपैकी एक पर्याय टिकवला असता तरी दोन-तीन गुण हाती लागले असते.

वेळ गेला कुठे? सामान्य ज्ञानात. तिथे एखादी गोष्ट माहीत तरी असते किंवा नसते. मी मात्र एकेका प्रश्नावर दोन-दोन मिनिटं आठवत बसले. आठवून काय होणार, वाचलेलंच नव्हतं.

तुम्ही अजून परीक्षा दिली नसेल तर एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवा आणि हाच ताळेबंद मांडा. त्याआधी टॉपिक निवडू नका. आजार कळायच्या आधी औषध घेण्यासारखं ते होईल.

३. प्रत्येक टॉपिकला तीन प्रश्न

यंदा कोणताही टॉपिक यादीत घेण्याआधी मी त्याला तीन प्रश्न विचारते. एक, हा किती गुणांना येतो? दोन, माझ्या हाती तो किती तासांत येईल? तीन, एकदा केला की किती दिवस टिकेल?

तिसरा प्रश्न आपण विसरतो. चालू घडामोडी म्हणजे मासळी, शिळ्या झाल्या की टाकाव्या लागतात. त्या रोज थोड्या वाचायच्या. व्याकरणाचे नियम म्हणजे लोणचं, एकदा घातलं की वर्षभर पुरतं, म्हणून ते सुरुवातीलाच करून ठेवायचे. मी पहिल्या वेळी उलटं केलं. चालू घडामोडी चार महिने आधी पाठ केल्या आणि व्याकरण शेवटच्या आठवड्यासाठी ठेवलं.

४. कायदा : २४ गुण

इथे दोन जातींचे प्रश्न येतात. एक माहितीचे, दुसरे तत्त्व आणि प्रसंग देऊन विचारलेले.

माहितीसाठी सगळं संविधान पाठ करायची गरज नाही. उद्देशिका, मूलभूत हक्क म्हणजे कलम १२ ते ३५, मार्गदर्शक तत्त्वं ३६ ते ५१, मूलभूत कर्तव्यं ५१-क, रिटसाठी कलम ३२ आणि २२६, राष्ट्रपती, संसद आणि न्यायव्यवस्था. घटनादुरुस्त्यांतल्या ४२वी, ४४वी, ७३वी, ७४वी, ८६वी, १०१वी, १०३वी आणि १०६वी. निकालांत केशवानंद भारती १९७३, मनेका गांधी १९७८, विशाखा १९९७, पुट्टस्वामी २०१७. प्रत्येकासमोर एक ओळ : वाद काय होता, कोर्टाने काय ठरवलं. बस.

एक सावधगिरी. माझं सेकंडहँड पुस्तक जुनं होतं. त्यात खुनाच्या शिक्षेला कलम ३०२ आणि फसवणुकीला ४२०. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाची शिक्षा आता कलम १०३ मध्ये आणि फसवणूक ३१८ मध्ये. जुन्या दंड संहितेत ५११ कलमं होती, नव्या संहितेत ३५८ आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. सिनियरची पुस्तकं जरूर घ्या, पण फौजदारी कायद्याचा भाग नवाच वाचा. मी ते जुने आकडे पाठ केले होते आणि ते डोक्यातून काढायला नवे घालण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

दुसऱ्या जातीचे प्रश्न आपल्यासारख्या साहित्याच्या मुलांना जमायला हवेत, पण तिथेच आपण घसरतो. एक नमुना मीच तयार केलाय. तत्त्व : धोका ओळखून जो स्वखुशीने तो पत्करतो, त्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. प्रसंग एक : तिकीट काढून क्रिकेट बघायला गेलेल्या माणसाला षटकाराचा चेंडू लागला. भरपाई मिळेल का? नाही, मैदानात चेंडू येऊ शकतो हे त्याला ठाऊक होतं. प्रसंग दोन : त्याच माणसाच्या बसण्याचा मचाण कच्च्या बांबूंमुळे कोसळला. आता मिळेल, कारण मचाण कोसळण्याचा धोका त्याने पत्करलेला नव्हता.

कथा वाचताना आपल्याला जखमी माणसाची दया येते आणि ती यायलाच हवी. पण पेपरात विचारतात ते दिलेलं तत्त्व कुठपर्यंत लागतं एवढंच. माझे कायद्यातले नऊपैकी पाच गुण दयेपोटी गेले. म्हणून आता मी प्रत्येक प्रसंगात तत्त्वातला एकेक शब्द बोटाने दाखवते : 'ओळखून' झालं का? 'स्वखुशीने' झालं का? 'त्या धोक्यातून' झालं का?

या भागासाठी करार कायदा १८७२ मधले प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल आणि अज्ञानाचा करार एवढे टॉपिक घ्या. अज्ञानाने केलेला करार मुळातच निरर्थक, हे १९०३ च्या मोहरी बीबी खटल्यात ठरलं. अपकृत्यात निष्काळजीपणा, बदनामी, उपद्रव आणि मालकाची नोकराच्या कृत्याबद्दलची जबाबदारी. हे तीसेक तासांत होतं आणि टिकतं.

५. सामान्य ज्ञान : ३२ गुण

हा समुद्र आहे. सगळा पोहायला गेलात तर बुडाल. मी देशांच्या राजधान्या, चलनं आणि पुरस्कारांच्या जुन्या याद्या पाठ केल्या, त्यांतलं मला एकही विचारलं नाही. यंदा त्या पूर्ण सोडल्यात. घेतलंय ते इतकंच : मागच्या आठ-दहा महिन्यांच्या घडामोडी, त्यांतही न्यायालयाचे निकाल, नवे कायदे, नेमणुका आणि निवडणुका, स्वातंत्र्यलढा १८५७ ते १९४७, भारताचा भूगोल आणि राज्यव्यवस्था.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. या अभ्यासातलं बरंच काही आपल्या दाराशी पडलेलं असतं. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन बेळगावला झालं आणि गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. सीमावादावर १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा केला तो कलम १३१ खाली, कारण राज्याराज्यांतले वाद त्या कलमाने थेट तिथे जातात. हे कलम मला पाठ करावं लागलं नाही, लहानपणापासून घरी त्यावर भांडणं ऐकलीत.

आपलं कॉलेज घ्या. ख्रिस्ती संस्थेचं कॉलेज म्हणजे कलम ३०, अल्पसंख्याकांचा शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क. त्यावरचा टी.एम.ए. पै खटला २००२ चा, अकरा न्यायाधीशांचं पीठ. अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरवायचं असं त्यात म्हटलंय. म्हणजे भाषेच्या हिशेबाने मी बेळगावात अल्पसंख्याक आणि चंदगडला गेले की नाही! प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून कलम ३५०-क. गोव्याच्या मित्रांकडे तर १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आहे, आणि समान नागरी कायद्याचं कलम ४४ तिच्याशिवाय पुरं समजत नाही. आधी आपल्या गावाची अशी यादी करा, मग गाइड उघडा.

६. तर्क : २४ गुण

इथे मी पाचच प्रकार घेतले : नातेसंबंध, दिशा, बैठक व्यवस्था, विधान आणि निष्कर्ष, अक्षर-अंकांच्या मालिका. माझा तोटा वेळेचा होता, म्हणून नवीन प्रकार शिकण्यापेक्षा हेच घड्याळ लावून सोडवते. रोज दहा प्रश्न, दहा मिनिटं.

नातेसंबंधांचे प्रश्न मनातल्या मनात मराठीत करा. इंग्रजीत एकाच शब्दात मामा, काका, मावसा आणि आतोबा असे चौघे कोंबलेले असतात. मराठीत मामा म्हटलं की आईचा भाऊ, प्रश्न निम्मा सुटला. वहीत 'आत्या', 'भाचा', 'नणंद' असं लिहीत गेले आणि माझ्या चुका जवळजवळ थांबल्या.

७. इंग्रजी : ४० गुण

आता आमच्या वर्गाची दुखरी नस. "आमचं इंग्रजी पक्कं आहे, ते बघायची गरज नाही," असं मी ठामपणे म्हणायची. तीन वर्षं कादंबऱ्या आणि नाटकं वाचली, पण पेपरात विचारलं ते कर्ता-क्रियापदाचा मेळ, शब्दयोगी अव्ययं, वाक्प्रचार आणि उलटसुलट वाक्यांचा क्रम. १३ गुण गेले. ४० गुणांचा विषय, म्हणजे पेपराचा तिसरा हिस्सा, मी अहंकारापोटी शून्य तासांत आटोपला होता.

ज्या विषयात आपण बरे आहोत तिथले गुण सगळ्यांत स्वस्तात मिळतात. २७ वरून ३३ ला जायला मला जेवढे तास लागतात, तेवढ्यात सामान्य ज्ञानात तीन गुणही वाढत नाहीत. म्हणून बलस्थानाला कधी उपाशी ठेवू नका. वाचनाचा वेग वाढवायला मी रोज एक अग्रलेख वाचते आणि त्याचा गाभा दोन ओळींत मराठीत लिहिते. दोन भाषा येत असल्याचा फायदा असा वसूल करायचा.

८. तासांची वाटणी

माझ्याकडे दहा आठवडे होते. एम.ए.चे तास आणि संध्याकाळच्या शिकवण्या सांभाळून सोमवार ते शुक्रवार दोन-दोन तास, शनिवारी चार, रविवारी मिस्सानंतर तीन. आठवड्याचे १७, दहा आठवड्यांचे १७०. ते असे वाटले : कायदा ४५, सामान्य ज्ञान ४०, इंग्रजी ३५, तर्क ३०, मॉक टेस्ट आणि त्यांचा ताळेबंद २०. मॉकचे २० तास काढताना जीवावर आलं, पण तर्काचे ते ११ कोरे प्रश्न दुसऱ्या कशाने भरणार होते?

पेपर सोडवण्याचा क्रमही बदलला. आता सामान्य ज्ञान पहिलं आणि वीस मिनिटांत बंद. मग कायदा, मग तर्क, शेवटी इंग्रजी. शेवटची तीन मिनिटं राहिलेले गोल भरण्यासाठी राखीव. एकही प्रश्न कोरा नाही. क्लॅट देणाऱ्यांनी मात्र हा शेवटचा नियम उचलू नये, तिथे अंदाजाची किंमत मोजावी लागते.

हे लिहिताना माझा सातवा आठवडा चालू आहे. पहिल्या मॉकला ६८ आले, परवाच्या मॉकला ८३. खऱ्या पेपरात काय होईल कोण जाणे, पण गुण कुठून वाढले हे यंदा मला सांगता येतं.

सोडून देणं सगळ्यांत अवघड जातं. पुस्तकाची दोनशे पानं न वाचता मिटताना चोरी केल्यासारखं वाटतं. मैत्रिणीच्या हातात जाड गाइड दिसलं की पोटात गोळा येतो. अशा वेळी एक ना धड भाराभर चिंध्या ही म्हण मी वहीच्या पहिल्या पानावर वाचते, मीच लिहून ठेवलीय.

गेल्या तारखेला पप्पांबरोबर मीही कोर्टात गेले होते. वकील बोलताना एक शब्द ओळखीचा निघाला, मनाईहुकूम. बसमध्ये पप्पांना त्याचा अर्थ समजावून सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे तोवर ते लोक कुंपण हलवू शकत नाहीत, असंच ना?" मी म्हटलं, हो, असंच.

ज्यांना हा ताळेबंद मांडायला मदत हवी असेल त्यांनी शुक्रवारी तिसऱ्या तासानंतर वाचनालयात भेटावं. येताना जुना पेपर, घड्याळ आणि कोरी वही आणा. गाइड नको.